माधवीचा दाखला

आडेवाडीच्या मराठी शाळेत मुख्याध्यापिकेला ‘मोठ्या बाई’ म्हणायची रीत आहे. हे नाव सरकार देत नाही, गाव देतं. मंगल बाईंना ते मिळायला एकवीस वर्षं लागली. माहेर बेळगुंदीचं, लग्न होऊन संकेश्वरात आल्या, आणि नोकरी लागली ती निपाणीच्या अलीकडं, ऊस आणि तंबाखूच्या रानात बसलेल्या या गावात. पोरांचा हात धरून अक्षरं गिरवून घेता घेता केसांत पांढरं आलं. ज्यांना शिकवलं त्यांची पोरं शाळेत आली. मग आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि खालच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली बाईंची झाली. खोलीत काचेचं कपाट, कपाटात ढाली, आणि भिंतीवर सात मुख्याध्यापकांची नावं रंगवलेला फळा. आठवं नाव लिहायला पेंटर आला त्या दिवशी बाई त्याच्या मागं उभ्या होत्या, शेवटचं अक्षर वाळेपर्यंत.

अशा बाईंना त्रेपन्नाव्या वर्षी हेवा जडला. सांधेदुखी जडावी तसा. बसलं तरी जाणवायचा, उठलं तरी जाणवायचा, आणि सकाळी सगळ्यात जास्त.

कारण सकाळी त्यांची बस ओढ्याच्या पुलावर यायची. पुलाच्या अलीकडं आडेवाडी, पलीकडं कुंभारकोडी. पूल अरुंद, म्हणून ड्रायव्हर गाडी हळू घ्यायचा. नेमक्या त्याच वेळी आडेवाडीची नागुबाई चाकाची खुर्ची ढकलत पुलावर आलेली असायची. खुर्चीत तिची नात माधवी, दहा वर्षांची, दोन वेण्या, मांडीवर दप्तर. पुलाच्या मधोमध कोडीच्या शाळेची दोन पोरं वाट बघत थांबलेली असायची. नागुबाई खुर्चीची मूठ सोडायची, पोरं धरायची, आणि म्हातारी तिथनंच भांगलणीला रानात वळायची. बसमधली माणसं खिडकीतनं कौतुकानं बघायची. मंगल बाई तेवढा वेळ पर्समध्ये चष्मा शोधायच्या. चष्मा डोळ्यांवरच असायचा.

माधवी त्यांची होती. कागदावर आजही होती. तिच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं, उजवा हात तिला न विचारता हलायचा, आणि बोलणं इतकं सावकाश की एक शब्द निघेपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडं जायचं. आई-बाप दोघं कागलला कारखान्यात कामाला, म्हणून दिवसभर ती आजीपाशी. ती सहा वर्षांची झाली तेव्हा मंगल बाई आपल्या पायांनी तिच्या दारात गेल्या होत्या.

"नाव घातलंय बघ नागुबाई पहिलीत," त्या म्हणाल्या होत्या. "पर जिना चढायचा, पोरांचा धक्का लागायचा, कशाला तिच्या जिवाला तरास? घरातच राहू दे. आठवड्यातनं एकदा शिकवायला घरी सर येतील. पुस्तकं, गणवेश मी आणून देईन."

आणि त्यांनी दिला. दर जूनमध्ये इस्त्री केलेला गणवेश घेऊन बाई स्वतः जायच्या. पंधरा ऑगस्टला जिलेबीचा पुडा न्यायच्या. नागुबाई हात जोडायची, माधवी हसायची, आणि परत येताना बाईंना वाटायचं, आज आपण काहीतरी चांगलं केलं. हे असंच पुढंही चाललं असतं.

पण दोन वर्षांपूर्वी कुंभारकोडीच्या शाळेत दीप्ती बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. चिकोडीकडच्या जैन घरातल्या, वय अडतीस, मराठी आणि कानडी दोन्ही सारखंच बोलणाऱ्या. नागुबाईची भांगलण तेव्हा कोडीच्या शाळेला लागून असलेल्या सोयाबीनमध्ये होती. नातीला तिनं शाळेच्या भिंतीच्या सावलीत पोतं अंथरून बसवलं होतं.

"हिचं शाळेत नाव न्हाय व्हय गं, आज्जी?" दीप्ती बाईंनी विचारलं.

"हाय की. आडेवाडीत दुसरीला हाय."

"मग आज सुट्टी हाय तितं?"

"न्हाय बा. शाळा चालू हाय."

"मग ही हितं कशी?"

"ती दुसरीला हाय, पर जात न्हाय," नागुबाई म्हणाली. तिच्या लेखी यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात माधवी कोडीच्या वर्गात बसू लागली, आणि हे बोलणं पुढं निपाणीच्या बाजारापर्यंत गेलं. मंगल बाईंच्या कानावर ते कोथिंबीर घेताना आलं, तेही हसत हसत सांगितलेलं. कोथिंबीर तिथंच टाकून त्या बसला गेल्या. त्या दिवसापासून त्या बाईचं नाव त्यांनी तोंडातनं काढलं नाही. म्हणायचंच झालं तर ‘कोडीवाली’.

या वर्षी जुलैत क्लस्टरचे युवराज सर शाळा तपासायला आले. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"बाई, माधवीचा दाखला द्या आता. पोरगी दोन वर्षं कोडीत बसतीया आणि नाव तुमच्या हजेरीवर. तिचं पुस्तक हितं येतंय, परीक्षा हितं. तितं ती पाहुणी म्हणून किती दिवस बसणार?"

"दाखला कोण मागतंय?"

"दीप्ती मॅडमनी तीनदा पत्र दिलंय."

"पत्रं हायत माझ्याकडं."

"मग?"

"पोरगी माझ्या गावची, माझ्या शाळेची. मी नाव घातलंय तिचं. मी न्हाय देणार."

खिडकीशी उभे असलेले गुंडू सर हळूच खाकरले. चौथीचा वर्ग त्यांच्याकडं, आणि जीभ तिखट. "बाईंचं बी बरोबर हाय," ते म्हणाले. "पोरगी त्यांनी ठेवावी, आपण नाव ठिवून घिऊ."

युवराज सरांनी हसू चहाच्या कपात लपवलं. जाताना ते एवढंच म्हणाले, की दसऱ्याच्या सुट्टीआधी एक काय ते ठरवा, नाहीतर चौथीच्या परीक्षेला माधवी दोन्हीकडं गैरहजर लागेल.

म्हणजे मेख आता अशी होती. दाखल्याचं पुस्तक बाईंच्या कपाटात, किल्ली बाईंच्या कमरेला, आणि माधवीचं वर्ष त्या किल्लीला अडकलेलं.

ऑगस्टमध्ये निपाणीत चाळीस शाळांच्या मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता अपंग मुलांना शाळेत सामावून घेण्याचा, आणि बोलायला उभं केलं होतं कोडीवालीला. मंगल बाई दुसऱ्या रांगेत बसल्या. पहिल्यांदा त्यांनी तिची साडी बघितली, सुती आणि चुरगळलेली. मग चपला बघितल्या, चिखल होता. बरं वाटलं.

"मी मोठं काय केलं न्हाय," दीप्ती बाई म्हणाल्या. "आल्यावर पहिला आठवडा नुसती जेवणाच्या रांगेत कोण दिसत न्हाय ते बघत बसले. जी पोरं रांगेत नव्हती त्यांची यादी केली. बास, तितनं सुरुवात. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे शिक्षक अर्धा तास बसतो. ज्यानं त्यानं एकाच पोराचं सांगायचं, जे या आठवड्यात आपल्या हाताला लागलं न्हाय. पहिल्या शनिवारी मी माझंच सांगितलं. न्हायतर मुख्याध्यापकासमोर आपली चूक कोण सांगतंय?"

सभागृह हसलं. मंगल बाईंच्या शेजारचे वडगावचे एक मुख्याध्यापक वहीत भराभर लिहून घेत होते. बाईंनी आपली वही मिटली. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं उभं केलं नव्हतं, आणि त्यांचं बोलणं कुणी असं उतरून घेतलं नव्हतं.

चहाच्या वेळी दीप्ती बाई मुद्दाम त्यांच्याकडं आल्या. "आक्का, माधवीच्या दाखल्याचं तेवढं बघता का?"

"बघू," मंगल बाई म्हणाल्या. आक्का म्हटलेलं त्यांना फार लागलं. मॅडम म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

घरी जाताना बसमध्ये त्यांनी ठरवलं, पोरगी परत आणायची. कोडीत काय आहे, चार खोल्या आणि पत्रे. आपल्या शाळेला स्लॅब आहे. आपण रॅम्प बांधू.

रॅम्प आठ दिवसांत उभा राहिला. शाळा समितीच्या अध्यक्षांनी वाळू दिली, गावातल्या गवंड्यानं अंगमेहनत. कुठं बांधायचा हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मोठी माणसं येतात ती मोठ्या बाईंच्या खोलीत, म्हणून रॅम्प त्याच दाराला लागला. जागा कमी, म्हणून उतार उभा झाला. चौथीचा वर्ग मात्र वर, जिन्याच्या अठरा पायऱ्या चढून, पहिल्यापासून होता तिथंच. गुंडू सर रॅम्पच्या टोकाला उभे राहून खाली बघत म्हणाले, "बाई, हितनं माधवी वर येईल का न्हाय ते मला म्हायत न्हाय. खाली मातुर एकदम फास्ट जाईल."

बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच दिवशी नागुबाईच्या दारात गेल्या.

"सोमवारी माधवीला आपल्या शाळेला आण. तिच्यासाठी बांधलंय सगळं."

नागुबाई घोटाळली. चार वर्षांचे गणवेश तिला आठवले असतील. "आणते की बाई," ती म्हणाली. आत बसलेल्या माधवीनं मान वर केली, काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण तिचा पहिला शब्द निघायच्या आत बाई उठल्या होत्या.

सोमवारी माधवी आली. सातवीच्या चार पोरांनी खुर्ची रॅम्पवरनं धरून वर घेतली. झेंडूचा हार झाला, फोटो झाला, अध्यक्षांचं भाषण झालं. मग बाईंनी तिला आपल्या खोलीत, आपल्या टेबलाशेजारी बसवलं. पंख्याखाली. दिवसभर त्यांनी तिला स्वतः शिकवलं. आणि त्यांना धक्काच बसला. पोरगी गुणाकार करत होती. अक्षर वाकडं, पण उत्तर बरोबर. आपण चार वर्षं हिला चित्रांची पुस्तकं नेऊन देत होतो, हे आठवून त्यांनी विषय बदलला.

दुपारी जेवणाच्या आधी माधवीनं विचारलं, "बाई... आज... नंबर कुणाचा?"

"कसला नंबर?"

"वाढायचा. पाण्याचा. झाडांचा."

"हाय कुणाचा तरी. तुला कशाला पायजे?"

"माझा... नंबर... कवा?"

बाई मायेनं हसल्या. "तुझा नंबर न्हाय ठेवला बाळ. तू नुसती बस. तुझं ताट मी हितंच मागवलंय."

या बाजूच्या सगळ्या शाळांत ही चाल आहे. झाडलोट, पाणी, वाढप, सगळ्यांचे नंबर लागतात, आणि ज्याचा हात-पाय चालत नाही त्याला मास्तर नंबरातनं सोडतात. सोडणारा ते दयेनं करतो, आणि सुटलेल्याचं नाव हळूहळू कुणाच्याच तोंडात राहत नाही. बाईंनी सगळ्या नोकरीत अशीच पोरं सोडली होती. माधवीनं पुढं काही विचारलं नाही. ताट आलं, ती जेवली, आणि वरच्या वर्गातला गोंगाट ऐकत छताकडं बघत बसली.

मंगळवारी बस पुलावर आली तेव्हा मंगल बाईंनी चष्मा शोधला नाही. पुलावर कोडीची दोन पोरं उभी होती, आणि नागुबाई खुर्ची ढकलत त्यांच्याकडंच चालली होती. रॅम्प, हार, पंखा, सगळं मागं टाकून. बाईंनी तडक कंडक्टरला हाक मारली आणि त्या पुलावरच उतरल्या. नागुबाई रानात वळली होती. बाई खुर्चीच्या मागं वीस पावलांवरनं चालत कोडीला गेल्या. आज त्या कोडीवालीला दोन शब्द ऐकवायचेच होते.

फाटकापाशी त्या थांबल्या, कारण आत प्रार्थना संपून परिपाठ चालला होता. ऐंशी पोरं ओळीत उभी, आणि समोर खुर्चीत माधवी, मांडीवर वही. ती त्या दिवसाचे नंबर वाचत होती. झाडलोट कुणाची, पाणी कुणाचं. एकेक नाव निघायला वेळ लागत होता, आणि ऐंशी पोरं थांबत होती. कुणी मधे नाव पुरवत नव्हतं. एका पोरानं जांभई दिली, एकानं पाय खाजवला, पण थांबली सगळी.

वाचून झाल्यावर दीप्ती बाई पुढं आल्या.

"काल कुठं होतीस?"

माधवीनं मांडीवरची वही मिटली.

"वही तुझ्या घरात. कुणाला नंबर ठावकं न्हाय. झाडं वाळली, आणि वाढायला पाचवीच्या पोरांची भांडणं झाली. यायचं नसलं तर आदल्या दिवशी वही कुणाकडं तरी द्यायची, हे ठरलंय का न्हाय आपलं?"

"ठरलंय... बाई."

"मग?"

"चुकलं... बाई."

"परत करू नको. जा वर्गात."

मंगल बाई फाटकाला धरून उभ्या होत्या. काल माधवी कुठं होती ते त्यांना ठाऊक होतं, माधवीला ठाऊक होतं, आणि ती एका शब्दानं बोलली नाही. पण बाईंना जे लागलं ते निराळंच होतं. चार वर्षांत त्या माधवीला एकदाही रागावल्या नव्हत्या. रागवायला काही कारणच ठेवलं नव्हतं. तिच्यावाचून आपल्या शाळेतलं एक झाडसुद्धा वाळलं नसतं. भाषणाचा, वहीत उतरून घेणाऱ्या माणसांचा हेवा त्यांनी गिळला होता. या रागावण्याचा मात्र गिळता येईना.

"या आक्का," दीप्ती बाईंनी त्यांना बघितलं होतं.

"तुमची खोली कुठाय?" मंगल बाईंनी विचारलं. दोन शब्द ऐकवायचे होते त्यातले हे आले.

"ती चौथीला दिली. तेवढी एकच बिनउंबऱ्याची खोली हाय. मी हितं बसते." व्हरांड्यात एक टेबल, आणि पत्र्याच्या ट्रंकेत रजिस्टरं, त्यातली दोन उघडी, कोपरे दुमडलेले. मंगल बाईंची रजिस्टरं दुमडत नाहीत. एवढं तरी मिळालं.

"तुमचं मस्त चाललंय," त्या कोरडेपणानं म्हणाल्या.

"कुठलं आक्का. दोन पोरं माझ्याकडनं परत गेली. एक अजिबात बोलायचा न्हाय, वर्गात बसवला की भिंतीवर डोकं आपटायचा. मला जमलं न्हाय. त्याच्या आईनं घरी नेला. मी अजून त्या गल्लीनं जात न्हाय."

ऐकून मंगल बाईंना क्षणभर आनंद झाला. खरा, गोड आनंद. मग तो कशाचा झाला हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या पाणीसुद्धा न घेता उठल्या.

पुढचे तीन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. दाखल्याचं पुस्तक काढायच्या, समोर ठेवायच्या, परत कपाटात घालायच्या. घरी नवऱ्यानं, विक्रमनं, विचारलं, बरं न्हाय का. तर म्हणाल्या, माझं बरं कधी होतं.

शनिवारी शाळा सकाळचीच. घंटा झाल्यावर त्यांनी सगळ्या शिक्षकांना थांबवून घेतलं. बसा म्हणाल्या, आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"एकेकानं एकेका पोराचं सांगायचं. आपल्या हाताला न लागलेल्या. पहिलं मी सांगते. माधवी. चार वर्षं."

मग गुंडू सर बोलले, नेहमीची जीभ बाजूला ठेवून.

"माझ्या वर्गात आदर्श हाय. त्याला ऐकू येत न्हाय नीट. मी त्याला मागं बसवलाय. म्हटलं प्रश्न विचारायला नको, बिचारा घाबरतोय. नंबरात बी न्हाय घेतला."

"सोमवारी चौथी खाली आणा," मंगल बाई म्हणाल्या. "या खोलीत. त्याला पहिल्या बाकावर, तुमच्या तोंडासमोर. आणि नंबरात घ्या. माझं टेबल व्हरांड्यात."

"व्हरांड्यात वळीव आला की पाणी आत येतंय, बाई."

"येऊ दे."

"कोडीच्या बाईंचं बघून?"

"व्हय. बघून. जळून म्हणा पायजे तर."

गुंडू सर म्हणाले, "मग आता वर्ग खाली आलाच, तर माधवीला कशाला सोडताय? हितंच आणू की."

"तिचं तितं काम हाय," बाई म्हणाल्या. "ती न्हाय गेली तर तितं अडतंय."

शिक्षक गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. दाखल्याचे रकाने कानडीत छापलेले, उत्तरं मात्र इथले मास्तर पहिल्यापासून मराठीत लिहीत आलेत. नाव, जन्मतारीख, इयत्ता सहज झाली. वर्तणूक. इथं त्या डोळे झाकून ‘चांगली’ लिहायच्या. या वेळी सोमवारची माधवी आठवली, फाटकातनं ऐकलेलं ‘चुकलं बाई’ आठवलं, आणि त्यांनी विचार करून ‘चांगली’ लिहिलं. मग शाळा सोडण्याचं कारण. तिथं ‘पालकांचे स्थलांतर’ लिहायची सवय. नागुबाई तर कुठंच गेली नव्हती. बाई पेन धरून बसल्या. मग लिहिलं, शाई वाळू दिली, आणि शिक्का गरजेपेक्षा जोरात मारला.

निरोप मिळाल्यावर नागुबाई आली, पदराला हात पुसत, दारातच उभी राहिली. वाचता येत नव्हतं, पण कागद तिनं दोन्ही हातांत धरला.

"काय लिवलंय बाई ह्यात? हितनं का काढली म्हणून?"

मंगल बाईंनी कागद परत घेतला नाही. पाठच झाला होता.

"शाळा सोडण्याचं कारण, शाळेत जाण्यासाठी."

नागुबाईनं शिक्क्यावरनं अंगठा फिरवला.

"मग बरोबर हाय," ती म्हणाली, आणि कागदाची घडी न घालता, तसाच पुढं धरून, पुलाच्या वाटेला लागली.